विहिरी : निरंक

"सरळ! सरळ चला हो केरबा! रिकाम्या मैदानात कसले वळसे घालताय?"

मुकुंदरावांचा आवाज चढला होता. समोर धरणाचं कोरडं पात्र पसरलं होतं, तळहातासारखं सपाट. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. पाणी कुठल्या कुठं मागं हटलं होतं आणि कधीकाळी बुडालेल्या गावाच्या जिनिंग कारखान्याची चिमणी पुन्हा उघडी पडली होती. चिकलठाण्याच्या कॉलनीतल्या निवृत्त मंडळींना तेवढं निमित्त पुरे झालं. मुकुंदरावांनी तर पत्रकच काढलं : 'किनारा ते चिमणी. ज्येष्ठांसाठी सोपी पायवाट. चढ नाही, उतार नाही, धोका नाही.'

आणि वाट दाखवायला घेतलेला हा मेंढपाळ केरबा! सपाट जमिनीवर वाकडातिकडा चालत होता. इथं डावीकडं वळ, तिथं उजवीकडं वळ. का, तर म्हणे, "हितं वच्छलाबाईचं अंगण हाय. लोकाच्या अंगणातून कसं जायाचं?" अंगण कुठलं आणि वच्छलाबाई कुठली! नुसता भेगाळलेला गाळ होता. मंडळी खुसुखुसु हसत त्याच्यामागून चालत होती. उमाबाईंच्या गुडघ्यांनी मात्र कुरकुर सुरू केली होती, आणि बायकोच्या गुडघ्यांचा राग मुकुंदरावांना केरबावर काढायचा होता.

त्यांनी पिशवीतून नकाशा काढून फडकावला.

"हा नकाशा कुणी केलाय, माहीत आहे? मी! बहात्तर साली. धरणात जाणाऱ्या या गावाचं एकेक झाड, एकेक विहीर मी स्वतः मोजलीय."

केरबा थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं मुकुंदरावांकडं नीट बघितलं.

"तुमीच व्हय ते सायेब?"

"मीच तो!"

केरबानं मान हलवली. मग काठी पुढं करून म्हणाला, "मंग हितनं तरी वळसा घ्या. ही आमची विहीर हाय. मेंढरं इकून बापानं खांदली. बहात्तरच्या दुस्काळात समदं गाव हिचंच पानी पेलं. आता गाळानं तोंड बुजलंय. वरून खपली दिसती, पन आत राडा हाय."

मुकुंदरावांनी चष्मा सावरून नकाशाच्या कडेच्या तक्त्यातली नदीकडच्या मळ्याची ओळ वाचली. त्यांचंच वळणदार अक्षर. विहिरी : निरंक.

"इथे विहीर नाही," ते म्हणाले.

"कागदावर नाय," केरबा म्हणाला. "त्येच्यापायीच बाप कचेरीच्या पायऱ्या चढून झिजला. कागदावर नाय म्हंजी नाय, म्हनले. भरपाईत बागायताचं जिरायत लागलं. पैशाचं जाऊ द्या, पन मरंस्तवर येकच म्हनायचा, कुनीतरी म्हना रं, विहीर व्हती. कुनी म्हनलं नाय."

मुकुंदरावांना ती दुपार लख्ख आठवली. जीप पाटलाच्या लिंबाखाली उभी होती. शिपाई म्हणाला, साहेब, नदीकडचा एक मळा राहिलाय, पण चालत जावं लागेल. चालत! त्या उन्हात! आज लोकांना चालायचे फायदे सांगत हिंडणारा हा माणूस तेव्हा खुर्चीतून हलला नाही. त्यानं चहाचा दुसरा कप मागवला आणि रकान्यात लिहून टाकलं, निरंक. चहाला पाणी कुठलं, हे काही त्यानं विचारलं नव्हतं.

लाज वाटली त्यांना. खरंच वाटली. पण पाठीमागं कॉलनीची अकरा माणसं उभी होती.

"अहो, ते एवढं सांगतायत तर घेऊ या ना वळसा," उमाबाई म्हणाल्या. "चार पावलं जास्त पडतील, एवढंच."

"रेकॉर्डला नाही म्हणजे नाही!" मुकुंदराव गरजले आणि छाती काढून सरळ चालू लागले.

"सायेब, ऐका माजं!" केरबा ओरडला.

सात पावलं झकास पडली. आठव्याला खपली मोडली आणि मुकुंदराव कमरेपर्यंत आत गेले. धडपडले, तसे छातीपर्यंत गेले. पायाखाली काही म्हणजे काही लागेना.

"केरबा! अहो केरबा, धावा! विहीर! विहीर आहे इथे!"

त्या मोकळ्या माळावर तो आवाज पार चिमणीपर्यंत गेला असेल. केरबा तोवर पोटावर आडवा झालाही होता. डोईचा पटका सोडून त्यानं एक टोक आत फेकलं, दुसरं मंडळींच्या हातात दिलं. "वढा! दमानं वढा!" पाच-सहा हिसक्यांत मुकुंदराव बाहेर आले. एक बूट आतच राहिला. उमाबाई एकाच दमात रडतही होत्या आणि झापतही होत्या.

चिखलानं माखलेले मुकुंदराव खाली बसून धापा टाकत होते. केरबानं आधी त्यांना पाणी पाजलं. मग गाळात पडलेला नकाशा उचलला, धोतराला पुसला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. कुणाच्या तरी खिशातला पेन मागून घेतला.

"बाप म्हनायचा, सायेब येकदा विहिरीपतुर चालत आलं, की त्येला आपसूक दिसंल," तो म्हणाला. "आलात, लई बरं झालं."

मुकुंदरावांनी 'निरंक' खोडलं आणि तिथं 'एक' लिहिलं. केरबा वाकून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कळत होतं.

"आन खोली बी लिवा सायेब," तो म्हणाला. "सरकारी मानसाच्या बी पायाला तळ लागला नाय, म्हनून लिवा."