धक्क्यावरचा तास

"मग धक्क्यावर तासभर करत काय होतात?" आरोग्य कचेरीतल्या बाईने फोनवर पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना, जेवत होते. गाडीत."

"एकट्याच?"

"एकटीच," जोंगनिम म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती तिला.

हॉस्पिटलातल्या ज्या खोलीत नर्स म्हणून तिने वर्षानुवर्षं लोकांना सलाइन लावलं, त्याच खोलीत आता ती स्वतः पडून होती. खिडकी उघडत नव्हती. दार बाहेरून बंद. जेवणाचं ताट दाराशी ठेवून कुणीतरी लगबगीने निघून जायचं. गावात साथीची लागण झालेली ती सतरावी, म्हणून ती आता जोंगनिम राहिली नव्हती, सतरा नंबर झाली होती. सतरा नंबर कुठे गेली, कुठे थांबली, हे कचेरी गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवत होती. सोलसारख्या राजधानीच्या गर्दीत हे खपून जातं हो! बंदराच्या एवढ्याशा गावात कसलं खपतंय?

सासूचा फोन आलाच. "सूनबाई, तू मोजे कुठल्या दुकानातून घेतलेस तेसुद्धा गावाला ठाऊक झालं! ते मरू दे. पण धक्क्यावरच्या त्या तासावरून चर्चमधल्या बायका कुजबुजतायत. विधवा बाई, तासभर, गाडीत! मी एकेकीला चांगलं फटकारलं. म्हटलं, माझी सून तसली नाही."

सून तसली नव्हतीच. पण त्या तासात ती एकटीही नव्हती. शेजारी दोशिक बसला होता, बाजारातला सूप-भातवाला. त्याला एचआयव्ही होता आणि हे गावात फक्त तिच्या वॉर्डाला माहीत होतं. साथ आली तसा तो वॉर्ड रिकामा करून साथीच्या रुग्णांना दिला गेला आणि हॉस्पिटलच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी सुरू झाली. कोण, कुठले, कुणाकडे, कशासाठी? फाटकावरचा माणूस दोशिकचंच रोजचं गिऱ्हाईक! दोशिकने यायचंच सोडलं. गोळ्या संपल्या, पोरगा वाळत चालला. शेवटी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जोंगनिमच गोळ्या पोचवायला धक्क्यावर गेली. त्याने तिच्यासाठी गरम सूप आणलं होतं. "सिस्टर, जेवल्याशिवाय सोडणार नाही." त्याचं मन मोडवेना तिला. दोघांनी मास्क काढले. तिथेच घोटाळा झाला. दोन दिवसांत तिला ताप भरला, म्हणजे वॉर्डातली साथ तिनेच त्याच्यापर्यंत नेली होती.

आता खरं सांगावं, तर एचआयव्हीच्या वॉर्डातली सिस्टर ह्याला चोरून कशाला भेटते, हे शेंबडं पोरही ओळखेल. मग त्याच्या हातचं सूप कोण पिणार? आणि न सांगावं, तर आधीच अंगात त्राण नसलेला पोरगा घरात बसून गुदमरणार. तिने त्याला फोन लावला. तो बोलायच्या आधी खोकला.

"दोशिक, ऊठ आणि तपासून घे."

"कुणाकडून लागला म्हणून विचारतील ना, सिस्टर? मी नाही जात. हॉटेलला कुलूप लावून बसलोय, माझ्यापासून कुणाला लागायचं नाही."

"अरे मरशील, मूर्खा!"

"मेलो तर लोक माझं सूप आठवून हळहळतील तरी. कळलं तर थुंकतील."

त्याने फोन ठेवला. जोंगनिमला रडू कोसळलं. चार पावलांत संपणाऱ्या त्या खोलीत ती भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत रात्रभर फेऱ्या मारत राहिली. सकाळी तिचं ठरलं. पोराचा जीव जाण्यापेक्षा गुपित गेलेलं बरं. तो जन्मात माफ करणार नाही, न करो. कचेरीला फोन लावायला तिने मोबाइल उचलला, तोच कचेरीचाच फोन आला.

बाईचा आवाज आज वेगळा होता. जरा संकोचलेला, जरा मिटक्या मारणाराही. मागे तपासणीच्या तंबूतला गलका ऐकू येत होता.

"मॅडम, एक जण आलाय इथे. सूप-भातवाला. धक्क्यावर तुमच्याबरोबर होतो म्हणतो."

जोंगनिमने मोबाइल कानाशी घट्ट धरला. "अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमचं दोघांचं जमलंय. तुम्ही पन्नाशीच्या, तो तिशीचा, म्हणून लपवलंत. दोष सगळा माझा, बाईंना बोल लावू नका, म्हणाला. नाव आम्ही छापत नाही, पण त्याच्या हॉटेलात जंतुनाशकाची फवारणी करावी लागणार. गावाला कळायचं ते कळेल. म्हणून विचारते. खरं आहे का?"

गाढव कुठला! जोंगनिमला हसावं की रडावं कळेना. नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. मग गाडीत काय चाललं होतं? आणि हो म्हटलं तर? चर्चमधल्या बायका डोळ्यांपुढे आल्या. त्यांना फटकारणारी सासू आली. म्हातारीला आता तोंड लपवायला जागा उरणार नव्हती. तेवढ्यात फोनमधून, त्या गलक्यातून, कुणाचा तरी खोकला ऐकू आला. खोल, न थांबणारा. तो खोकला तिने ओळखला.

"मॅडम? खरं आहे का?"

"खरं आहे. लिहा," जोंगनिम म्हणाली. "आणि आधी त्याला दाखल करून घ्या. माझा माणूस आहे तो."