धाकटी ‘तुम्ही’ म्हणाली

“नमस्कार. तुम्ही कशा आहात?” फोनवर धाकट्या बहिणीने विचारलं आणि खासदारबाईंचा घास हातातच राहिला.

कित्येक महिन्यांनी तो आवाज कानावर पडत होता. धाकटी लग्न होऊन शेजारच्या देशात गेली होती. तिथे लष्कराने सत्ता बळकावली, माणसं तुरुंगात कोंबली, फोन बंद करून टाकले. आणि आज अचानक हा फोन. त्यात हे ‘तुम्ही’. धाकटीने जन्मात कधी ताईला अहो-जाहो केलं नव्हतं. लाडात असली की ‘तू’, भांडायला उठली की त्याच्याही खाली उतरायची.

“तुझ्याजवळ कोण आहे?” बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

“कोणी नाही. तुमच्याकडे एक विनंती होती.”

मग ती पाठ केल्यासारखी बोलत गेली. एकदाही ‘ताई’ म्हणाली नाही. त्या देशाच्या सरकारशी सगळा व्यापार तोडण्याच्या कायद्यावर दुपारी सभागृहात मतदान होतं. कायदा व्हावा याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो एका दुरुस्तीवर. एका म्हाताऱ्या सभासदांची सूचना होती, की पाणी उपसण्याच्या पंपांचे सुटे भाग तेवढे बंदीतून वगळावेत. धाकटीचा नवरा तिथल्या एका लहानशा शहराच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर होता. हे भाग आले नाहीत तर शहराचे नळ कोरडे पडतील, तेव्हा तुम्ही त्या दुरुस्तीच्या बाजूने मत द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. शेवटी ‘आभारी आहे’ म्हणाली, भाच्यांची साधी चौकशीही न करता तिने फोन ठेवला.

बाईंनी डबा तसाच झाकला. सकाळपर्यंत त्यांचं मन त्या दुरुस्तीकडेच झुकत होतं. पाण्याला नाही कोण म्हणणार? पण आता मनात पाल चुकचुकली. डोळ्यांपुढे एक खोली उभी राहिली. खुर्चीत अंग चोरून बसलेली धाकटी आणि तिच्या खांद्याशी गणवेशातला माणूस. ज्या सवलतीसाठी एका बाईला धाक दाखवून फोनवर बसवावं लागतं, ती सवलत नळांसाठी कशी असेल? हे भाग नक्की त्यांच्या शस्त्रांच्या कारखान्यात जात असणार.

दुपारी त्या बोलायला उभ्या राहिल्या. एरवी त्यांचं भाषण म्हणजे सभासदांना चहाला उठायची सोय. आज कोणी जागचं हललं नाही.

“माझ्या सख्ख्या बहिणीने आज मला ‘तुम्ही’ म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. आवाज कुठेही चढवला नाही. बहिणीचं काय होईल हा विचार मनात येत होता, तरी त्या बोलत राहिल्या. आज आपण वाकलो, तर उद्या ते प्रत्येकाच्या बहिणीला फोनवर बसवतील, असं म्हणून त्या खाली बसल्या.

दुरुस्ती पडली. सूचना मांडणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांनी बाहेर येऊन बाईंचा हात हातात घेतला. आपण स्वतःच्याच दुरुस्तीविरुद्ध मत दिलं, असं त्यांनी सांगितलं.

ते भाषण गाजलं. वर्तमानपत्रांनी ‘तुम्ही’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापला. कुठे सत्काराला गेल्या की लोक तोच प्रसंग सांगायला लावायचे. बाई सांगायच्या, आणि घरी आल्या की जीव टांगणीला लागायचा. धाकटीचा फोन पुन्हा आला नाही.

कायद्याने मात्र काम केलं. सेनापतींच्या नाड्या आवळल्या गेल्या, काही कैदी सुटले, दोन उन्हाळ्यांनंतर सीमा उघडली आणि एका संध्याकाळी धाकटी दारात उभी राहिली. केस पांढरे झालेले, तळहात सुतारासारखे राठ. दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या.

जेवणं झाल्यावर धाकटी भांडी विसळायला उभी राहिली. बाई शेजारी पुसायला.

“मी ओळखलं होतं बरं का,” बाई म्हणाल्या. “तू ‘तुम्ही’ म्हणालीस तेव्हाच.”

“काय ओळखलंस?”

“शेजारी कोणीतरी बसलंय ते.”

धाकटीने नळ बंद केला. खोलीत कोणीच नव्हतं, ती म्हणाली. बोलताना ती रागावलेली वाटत नव्हती. नवऱ्याच्या ऑफिसातला फोन त्या दिवशी कसा कोण जाणे चालू झाला होता. ताईशी बोलताना आपली गाडी भलतीकडे घसरते, म्हणून ती आधी आरशासमोर उभी राहून पाठ करून आली होती. गणवेशातली माणसं आली ती भाषण छापून आल्यावर. नवऱ्याला घेऊन गेली. तो परतला तोवर पंप बंद पडले होते आणि अख्खं शहर नदीवरून पाणी वाहत होतं. गल्लीतली मुलं तापाने आडवी झाली. काही पुन्हा उठलीच नाहीत.

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“मग तू मला ‘तुम्ही’ का म्हणालीस?”

धाकटीने ओले हात पदराला पुसले.

“गावाचं काम होतं. मी खासदारांना फोन केला होता, ताई.”