शेवटचे दोन मालक

आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा पहिला मालक एक बिअरवाला होता, मग त्याची बायको, मग एक बेकरीवाला. तो टीम परगावी विकायला निघाला, तेव्हा गावानेच दहा-दहा डॉलरचे शेअर घेऊन ती ठेवून घेतली. आता एका मोठ्या कंपनीला ती हवी होती. सगळ्यांनी सह्या केल्या, राहिला फक्त कॅझ वोयतास. मी टीमचा सेक्रेटरी, म्हणून कागद घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

"मॅचला तू फिरकत नाहीस, कॅझ. येतोस ते वर्षातून एकदा, सभेला, आणि तिथे पेंगतोस. मग अडून कशाला बसलायस?"

"पेंगत नाही. तू मालकांची हजेरी घेतोस ना, आमची नावं यायची वाट बघतो. वोयतास म्हणजे डब्ल्यू, सगळ्यात शेवटी."

त्या घरातला दुसरा शेअर त्याच्या बायकोचा, लिओनाचा. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, पण यादीतून तिचं नाव काढायचं माझ्याकडून राहूनच गेलंय.

"करतो सही," तो म्हणाला. "आधी एकदा हजेरी घे. सभेत घेतोस तशी."

मी उभा राहिलो, टोपी काढली. "कॅसिमिर वोयतास."

"हजर."

"लिओना वोयतास."

सभेत प्रत्येक नावानंतर थांबतो तसा थोडा थांबलो आणि पेन पुढे केलं.

कॅझ दाराकडे बघत होता.

"थांब रे जरा," तो म्हणाला. "तिला नेहमीच उशीर होतो."