दोघंही बाद

कुरुंद्याच्या मंगल कार्यालयात मोबाईल गेमच्या स्पर्धेची फायनल लागली. पंच होती पुनम. समोरासमोर होते मुन्ना आणि बंटी, चुलतभाऊ. त्यांचे बाप, माणिकराव आणि सटवाजी, सख्खे भाऊ. पण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टात गेल्यापासून त्यांच्यात बोलचाल बंद होती. हॉलच्या दोन टोकांना उभं राहून दोघं आपापल्या पोरावर ओरडत होते, "हाण त्याला! सोडू नको!"

मोठ्या पडद्यावर मात्र दोन्ही पोरांचे गडी बंदुका खाली करून नुसते उभे होते.

"काहून खेळून न्हाई राहिले रे?" पुनमने दटावलं.

"मॅडम, भांडण बाबाचं अन् काकाचं हाय," मुन्ना म्हणाला. "आमचं न्हाई."

पुनमला भरून आलं. पण खेळणार नाही तो बाद, हा नियम तिनेच सकाळी वाचून दाखवला होता. तिने दोघांनाही बाद केलं. शिव्यांचा भडिमार सुरू झाला, खुर्च्या उडाल्या. पर्स छातीशी धरून ती बाहेर पळायला निघाली.

तेव्हा सटवाजी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरल्या भावाशी बोलला.

 

"दादा, तू दार लाव. मी बाईकडं बघतो."