बंदी उठल्यावर

बेनेडेक मिस्त्री घरात आला तो सरळ न्हाणीघरात शिरला. भिंतीवर गॅसचा जुना बंब होता. त्याने गरम पाण्याची तोटी सोडली, बंब पेटू दिला आणि एक काडी ओढून धुराड्याच्या तोंडाशी धरली. ज्योत आत ओढली गेली. मग त्याने दार-खिडकी लावून घेतली, स्वयंपाकघरातला पंखा चालू करायला सांगितला आणि दुसरी काडी ओढली. या वेळी ज्योत डगमगली आणि उलटी त्याच्याकडे झुकली.

तोटी बंद करून त्याने खिडकी सताड उघडली. "आधी हा बंब निघेल," तो म्हणाला. "पंखा लागला की याचा विषारी धूर उलटा घरात येतो. बाकीचं नंतर."

सारोल्टामावशी दारात उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, घरातल्या घरात ओव्हरकोट घातलेला. "आधी दोघं येऊन गेले," त्या म्हणाल्या. "मोठमोठ्या गाड्या घेऊन. न्हाणीघरात कुणी डोकावलंसुद्धा नाही. भिंती मोजल्या, माझी कॉफी प्यायले आणि गेले."

बुडापेस्टमधली ती इमारत सव्वाशे वर्षांची होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर. छत दोन पुरुष उंच; घर हिवाळ्यात गारठलेलं आणि उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं. दर्शनी भिंतीवरच्या नक्षीला हात लावायला पालिकेची मनाई होती, म्हणून हवा गार-गरम करणाऱ्या यंत्राची पेटी रस्त्याच्या बाजूला टांगता येत नव्हती. त्या पहिल्या दिवसानंतर बेनेडेक त्यासाठी आणखी तीनदा येऊन गेला होता. माळ्यावर जाऊन कबुतरांच्या घाणीत गुडघ्यांवर रांगला होता. आज त्याला उत्तर सापडलं होतं.

"खोली तापवायची ती कोपऱ्यातली फरश्यांची शेगडी तुम्ही पेटवत नाही. तिचं धुराडं सरळ माळ्यापर्यंत मोकळं आहे," तो सांगू लागला. "यंत्र वर, इमारतीच्या आतल्या चौकाच्या बाजूला बसेल. नळ्या या धुराड्यातून खाली आणतो. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही त्याच नळ्यांतून. नक्षीला ओरखडासुद्धा जायचा नाही. आणि घरात ज्योत कुठेच राहणार नाही."

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. कितीतरी वर्षांत त्याला कुणी असं काही विचारलं नव्हतं. तो दुसऱ्यांच्या हाताखाली नळ्या वाहत होता. इतक्या वर्षांनी स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम.

मावशींनी करारावर सही केली. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि वर घराची किल्ली ठेवली. "सकाळी मी दवाखान्यात असते. तुम्ही आपले येऊन काम सुरू करा, मिस्त्री."

बेनेडेकने पेन उचललं. मग किल्लीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मावशी, किल्ली राहू द्या. आधी माझं ऐका. मग वाटलं तर द्या."

खाली चौकात कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

"सात वर्षांपूर्वी, जूनमध्ये, मी एका भाड्याच्या घरात गारव्याचं यंत्र बसवलं. खोलीतली हवा बाहेर फेकणारं. खिडक्या नव्या होत्या, घट्ट बसणाऱ्या. न्हाणीघरात असाच बंब होता, तो मी पाहिलाच नाही. घाई होती, दुपारी दुसरीकडे जायचं होतं. हवा बाहेर फेकली की कुठून तरी ती आत यावी लागते, हे मला कळायला हवं होतं. ती धुराड्यातून आली, बंबाचा धूर घेऊन. तिथे भाड्याने राहणारी पोरगी कॉलेजात शिकत होती. अंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही."

"नाव काय तिचं?"

"एमेशे." खटला संपल्यापासून हे नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं. "मला तुरुंग झाला नाही. पाच वर्षं धंदा करायला बंदी झाली, ती या वसंतात उठली. कोर्टात तिचे आईवडील समोरच बसले होते. त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही. मावशी, तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

तो उठला. टोपी हातात घेतली. मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"एप्रिलच्या अकरा तारखेला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमची बंदी उठली ती तारीख. मी लिहून ठेवली होती. दोन हिवाळे तसेच काढले, पण दुसऱ्या कुणाला काम दिलं नाही. त्या दोघांना नुसतं बघायला बोलावलं होतं." त्यांचा आवाज सपाट होता. "कोर्टात मी आले नव्हते, अंथरुणाला खिळले होते. समोर बसली होती ती माझी लेक. एमेशे माझी नात."

बेनेडेकच्या हातातली टोपी चुरगळली. त्याचे ओठ हलले.

"माफी मागू नका," मावशी म्हणाल्या. "ती माझ्याकडे नाही. पुढेही बहुतेक नसेल."

"मग मला का बोलावलंत?"

मावशींनी किल्ली उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यांची बोटं बर्फासारखी होती.

"नाताळ झाला की तिची धाकटी बहीण माझ्याकडे राहून शिकायला येतेय. ती झोपली की मलाही डोळा लागायला हवा, मिस्त्री. आणि या शहरात त्या धुराची माझ्याइतकी धास्ती घेतलेला दुसरा एकच माणूस आहे."