परत जोडता का?

सगळ्या वायरी उपटून, फडक्यानं स्वच्छ पुसून झाल्यावर तात्यांच्या लक्षात आलं की, कुठली कुठं होती हे आपण पाहिलंच नव्हतं.

"तात्या, मी नेटची डबी बंद करून चालू करा म्हटलं होतं," फोनवर लेक ओरडली. "वायरी कुणी उपटायला सांगितल्या?"

"धूळ बसली होती गं."

बिघडलेली वस्तू आधी पुसायची, ही तात्यांची जन्माची खोड. रेडिओ, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, सगळ्यांवर त्यांचा हाच इलाज. सकाळपासून कॉम्प्युटरला नेट नव्हतं. आता नेट तर नव्हतंच, वर टेबलावर वायरींचा गुंता पडला होता. लेक दूरच्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होती.

"बाहेरून येणारी वायर डबीच्या एका ठरावीक भोकात जाते. प्रत्येक भोकाखाली बारीक लिहिलेलं असेल बघा."

तात्यांनी भिंग आणलं. अक्षरं पुसली गेली होती. इतक्या वर्षांत ती कुणी पुसली असतील, हे वेगळं सांगायला नको. विजेची वायर तेवढी लागली, उरलेल्या दोन्ही तर जुळ्या बहिणींसारख्या. एक या भोकात, दुसरी त्या भोकात, असं करून ते थांबायचे. डबीवरचा तांबडा दिवा काही हिरवा होत नव्हता. त्यांच्या नाकी नऊ आले.

आणि वेळ तर होत आली होती. मागं खुर्चीत त्यांची बायको बसली होती. आजारानं तिची उजवी बाजू गेली, त्या बाजूबरोबर बोलणंही गेलं. ऐकू यायचं, कळायचं सगळं. शब्द तेवढा ओठांवर येत नव्हता. बोलणं शिकवणाऱ्या मॅडम कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायच्या, कपाचं, चावीचं चित्र दाखवायच्या. ती ओठ हलवायची आणि मग मान खाली घालायची. मागच्या वेळी मॅडम म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळीही काही उमटलं नाही तर थोडे दिवस थांबू. मग बघू." त्या 'बघू'चा अर्थ तात्यांना पक्का कळला होता. ती पुढची वेळ आज होती.

"राहू दे," ते फोनमध्ये म्हणाले. "माझ्याच हातानं घालवलं मी सगळं."

तेवढ्यात त्यांच्या मनगटाला काहीतरी लागलं. बायकोचा डावा हात होता. तिनं त्यांच्या मुठीतल्या वायरी ओढून घेतल्या.

लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा मुली भोकाभोकांच्या फळीसमोर ओळीनं बसत आणि दोरीच्या टोकाची पिन भोकात घालून इथला माणूस तिथल्या माणसाला जोडून देत. तात्या त्या वेळी एका गोदामात कारकून होते. मोठ्या ऑफिसला फोन लावायचं काम त्यांच्याकडे. तिचा चेहरा त्यांनी नंतर पाहिला, आवाज आधी ऐकला. तो ऐकायला मिळावा म्हणून हे महाशय लाइन जोडली की रिसिव्हर खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे आणि साळसूदपणे म्हणायचे, "कट झाली हो, बाई. परत जोडता का?" मोठ्या ऑफिसातले साहेब वैतागायचे. संसार झाला, लेक मोठी झाली, नातवंडं झाली, पण ही चोरी तात्यांनी बायकोला कधी सांगितली नाही.

तिनं वायरी मांडीवर ठेवल्या. वर्षभर खुर्चीत बसून ती त्या डबीकडेच तर बघत आली होती. एक वायर उचलून तिनं भोकात घातली. टक. दुसरी घातली. टक. हात जरासुद्धा अडखळला नाही. तांबडा दिवा लुकलुकला, विझला आणि हिरवा लागला. तिची वाकलेली पाठ सरळ झाली.

"बोला," ती म्हणाली. "लाइन जोडलीय."

तात्या होते तिथंच खाली बसले. तोच आवाज होता. जरा खरखरीत, पण तोच, ज्याच्यासाठी ते गोदामातल्या त्या काळ्या फोनपाशी घुटमळत उभे राहायचे. इतके दिवस तो कुठं होता? घरभर शोधावी आणि आपल्याच हातात सापडावी अशा वस्तूसारखा तो तिच्या बोटांत बसून होता. त्यांना रडू आलं, आणि तो पुन्हा हरवला तर, अशी थोडी भीतीही वाटली.

"तात्या, कोण बोललं?" फोनमध्ये लेक विचारत होती. "तात्या, आई बोलली?"

पडद्यावर मॅडम आल्या. त्यांनी हसून हात हलवला. "नमस्कार आजोबा! आवाज येतोय ना?"

तात्यांनी मॅडमकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग हात पुढं करून त्यांनी वायर खसकन ओढली. मॅडमचा हात पडद्यावर वरच्या वर थिजला.

"कट झाली हो, बाई," ते म्हणाले. "परत जोडता का?"

तिनं वायर घेतली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. चित्रं बघताना हलायचे तसे तिचे ओठ हलले. मान मात्र या वेळी खाली गेली नाही.

"मुद्दाम," ती म्हणाली. थांबली, पुढचा शब्द शोधला, आणि तो सापडल्यावर हसली. "तेव्हाही... मुद्दामच कट करायचात."