मागच्या रांगेतली

"हिला म्हातारी करून द्या," गृहस्थ म्हणाले.

चित्रकर्तीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. त्यांनी मोबाइल पुढे धरला होता. पडद्यावर एका जुन्या सिनेमातलं गाणं मध्येच थांबवलेलं. पुढे नायिका, मागे नाचणाऱ्या मुलींची रांग. गृहस्थांचं बोट रांगेच्या टोकाच्या मुलीवर होतं. जेमतेम विशीची असेल. मान किंचित तिरकी.

ही आपली बायको, असं त्यांनी सांगितलं. लग्नाआधी सिनेमात नाचायची. पुढे घराला आग लागली, त्यात सगळं गेलं, फोटोसुद्धा उरला नाही. तिचा चेहरा आता एवढ्या एका गाण्यात शिल्लक होता.

"आज ती कशी दिसत असेल, तेवढंच बघायचंय मला."

'असेल' हा शब्द चित्रकर्तीच्या काळजाला लागला. गेलेल्या माणसाबद्दल कुणी असं बोललं की तिला नाही म्हणवत नसे.

सिनेमे बघून, गाणी ऐकून चित्रं काढणं हेच तिचं काम होतं. लोक आपापल्या आवडीचं गाणं घेऊन येत आणि ती त्याचं चित्र करून देई. गृहस्थांनी तिचं प्रदर्शन पाहिलं होतं. तिथे एका विरहगीतावरच्या चित्रात खिडकीशी एक पाठमोरी बाई होती. तिची मान बघून आपले पाय थबकले, असं ते म्हणाले. मान अशीच धरायची ती. मग विचारत विचारत त्यांनी पत्ता काढला होता.

दुसऱ्या दिवशी तिने गाणं लावलं आणि कागद ओढला. गाण्यात ती मुलगी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निघून जायची. चित्रकर्ती पुन्हा मागे घ्यायची, पुन्हा बघायची. चेहरा हाती लागायला वेळ लागला. पण वय चढवायला घेतलं आणि हात आपोआप चालू लागला. डाव्या गालावरची सुरकुती उजवीपेक्षा खोल. खालचा ओठ आत ओढलेला. कपाळाच्या कडेला केस विरळ. हे कुठून येतंय, ते तिला कळेना. खोडायला गेली तर बोटं पुन्हा तेच काढत. गाणं बंद केलं तरी कानात सुरूच राही. भर दुपारी, उन्हाने भरलेल्या खोलीत तिच्या अंगावर काटा आला. जळून गेलेली बाई आपला हात धरून स्वतःला काढून घेतेय, असं तिला वाटू लागलं.

जेवताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. त्याने थट्टेवारी नेलं. भुताने हातभार लावला असेल तर मानधनात त्याचाही वाटा काढ, म्हणाला.

चित्र पूर्ण झालं त्या संध्याकाळी तोच चहाचे कप घेऊन खोलीत आला आणि दारातच थांबला.

"मावशींना समोर बसवलंस तरी कसं?"

"कुठल्या मावशी?"

"आपल्या. वरच्या."

ती मागे सरकली आणि तिने परक्याचं असावं तसं ते चित्र पाहिलं. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी तिच्याकडे बघत होत्या. गेली कितीतरी वर्षं रोज जिन्यात भेटणाऱ्या, ती तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिलेल्या मावशी. चित्र काढू का, असं विचारलं की म्हणायच्या, "माझं कसलं चित्र काढतेस, भिंत बिचारी घाबरेल." फोटोला कधी उभ्या राहिल्या नाहीत. माझं माणूस आगीत गेलं, एवढं एकदाच बोलल्या होत्या. नंतर तो विषय त्यांनी काढू दिला नाही.

चित्रकर्ती खाली बसली. भीती कुठल्या कुठे पळाली आणि तिला रडूच फुटलं. मावशी गेल्या असं यांना वाटतंय, हे गेले असं मावशींना. एकाच आगीने दोघांना दोन दिशांना फेकलं आणि इतकी वर्षं दोघं एकमेकांचा शोक करत बसली. आपण आधी मावशींशी बोलू या, असं नवरा म्हणत होता, पण तिला धीर कुठला. तिने गृहस्थांना फोन लावला.

ते सकाळी आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. तिने सगळं सांगितलं. एकटीच राहते का, एवढंच त्यांनी विचारलं. ती होय म्हणाली. त्यांना एकदम समोर पाहून मावशींना धक्का बसेल, म्हणून आधी आपण सांगू, असं तिने सुचवलं.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी जिना सावकाश चढतो."

मावशी मशीनवर होत्या. चित्रकर्तीने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरली. "मावशी, तुमचे यजमान जिवंत आहेत. त्यांनीच तुमचं चित्र काढून घेतलं. ते येताहेत वर."

मावशींनी फक्त विचारलं की माणूस दिसायला कसा आहे. उंच, सावकाश बोलणारे, भुवई मधोमध तुटलेली, असं तिने सांगितलं. मावशी उठल्या. चित्रकर्तीने उघडंच टाकलेल्या दाराकडे बघत, हलक्या आवाजात बोलल्या.

"माझा नवरा माझ्यासमोर जळाला, पोरी. आग लावून बाहेरून कडी घालणाऱ्याला मी खिडकीतून पाहिलं, त्याची भुवई तशी होती. माझ्याच साक्षीवर त्याला जन्मठेप झाली."